पाण्यातलं प्रतिबिंब फोटोत फिकट येतंय? आधी दुसरा उजेड कुठून येतोय ते बघा

पाऊस सुरू झाला की ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. बेळगावच्या किल्ल्याच्या खंदकात बुरूज इतका स्पष्ट दिसत होता, फोटोत मात्र नुसतं हिरवट पाणी आलं. खडेबाजारात काचेवर अख्खा रस्ता दिसत होता, फोटोत आतल्या साड्याच जास्त. आणि त्यामागोमाग ठरलेला प्रश्न: आता कुठला मोबाईल घेऊ?

बहुतेक वेळा मोबाईल बदलायचं काही कारण नसतं. प्रतिबिंब म्हणजे पाण्याच्या किंवा काचेच्या पृष्ठभागावरून उलटून आलेला उजेड. त्याच जागेतून दुसराही एक उजेड कॅमेऱ्यात शिरत असतो: तळाच्या मातीचा, गढूळ पाण्याचा, काचेपलीकडच्या ट्यूबलाइटचा. आपण दोन डोळ्यांनी बघतो, मान जराशी हलवतो, नजर दूरच्या बुरुजावर ठेवतो, त्यामुळे मधला कचरा मनातून वगळला जातो. कॅमेरा काहीच वगळत नाही. दोन्ही उजेड एकावर एक छापून मोकळा होतो. म्हणून फोटो बिघडला की पहिला प्रश्न एकच: हा दुसरा उजेड कुठला?

उभ्याने काढलेला फोटो आणि तळ

पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर त्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम २ टक्के उलटून येतो. बाकीचा आत जातो आणि तळ उजळवतो. नजर पाण्याच्या पातळीशी ३० अंशांवर आणली तर सुमारे ६ टक्के, २० अंशांना १३, १० अंशांना ३५, आणि ५ अंशांपर्यंत खाली गेलात तर निम्म्याहून जास्त. आकडे पाठ करायची गरज नाही, पण वाढ कशी होते ते बघा. शेवटच्या थोड्याशा वाकण्यात सगळी कमाई आहे. कमरेतून वाकून भागत नाही, गुडघे टेकावे लागतात.

मोबाईलवाल्यांची इथे चैन आहे. मोबाईल उलटा धरा, म्हणजे लेन्स वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात येते आणि पाण्यापासून बोटभर अंतरावर पोचते. महागडा कॅमेरा एवढा खाली नेताना हात कापतो. पावसाळ्यात रस्त्यावरचं वीतभर डबकं यानं तळ्याएवढं दिसतं, आणि खड्ड्यांचा तुटवडा आपल्याकडे कधी नव्हता.

डबक्याखालचा रस्ता कुठला, हेही बघा. डांबरी रस्ता ओला झाला की काळाभोर होतो, तळाचा उजेड जवळजवळ शून्य, म्हणून त्यावरचं दोन बोटं पाणीसुद्धा आरशाचं काम करतं. काँक्रीटचा रस्ता आणि फिक्या रंगाचे पेव्हर यांचा तळ दिवसा उजळ दिसतो, त्यात इमारतीचं प्रतिबिंब धुऊन निघतं. अशा रस्त्यावर भर दुपारी धडपडू नका. काळोख पडेपर्यंत थांबा, नाहीतर डांबर अजून शिल्लक असलेली गल्ली शोधा.

वरचं टोक गायब होतं किंवा फिकट येतं

ही तक्रार किल्ला तलावावरून हमखास येते. तिथला ध्वजस्तंभ ११० मीटर उंच, २०१८ साली उभारलेला. लोकांना तो स्तंभ आणि त्याचं पूर्ण प्रतिबिंब एकाच फोटोत हवं असतं. फोटोत स्तंभाच्या बुडाचं प्रतिबिंब ठळक येतं, आपल्याकडे येत येत ते पुसट होतं आणि टोक तर काठाच्या दगडांतच कापलं जातं.

थोडं गणित केलं की उलगडतं. उदाहरणापुरतं धरा की तुम्ही स्तंभापासून ३०० मीटरवर आहात आणि कॅमेरा पाण्यापासून २ मीटर वर आहे. मग टोकाचं प्रतिबिंब तुमच्यापासून साडेपाच मीटरच्या आत पडतं. तुम्ही काठापासून सहा मीटर मागे, फिरायच्या वाटेवर उभे असाल, तर त्या जागी पाणीच नाही. आहे ती वाट, नाहीतर गवत. म्हणून आधी काठाशी जा आणि मगच खाली बसा. क्रम उलटा केला, म्हणजे मागे राहूनच खाली बसलात, तर टोकाची जागा आणखी जवळ सरकते आणि हमखास कापली जाते. काठाशी जाणं शक्यच नसेल तर उलट उंच जागा शोधा, म्हणजे ती जागा पाण्यात ढकलली जाते. मात्र त्यात प्रतिबिंबाचा जोर घटतो.

टोक फिकट का, तेही याच हिशोबात आहे. बुडाकडून येणारा उजेड पाण्याला अगदी घासून येतो, जवळजवळ सगळाच उलटतो. टोकाचा उजेड वीसेक अंशांच्या कोनातून येतो, म्हणजे उलटतो फक्त १३ टक्क्यांच्या आसपास. यावर फिल्टर नाही की ॲप नाही. आणखी लांब जा, कोन कमी होईल. लांब जायला जागाच नसेल तर पूर्ण स्तंभाचा हट्ट सोडा. ढगाच्या तुकड्यावर कापलेला अर्धा स्तंभसुद्धा चांगला फोटो होतो, आणि खरं सांगायचं तर पोस्टकार्डासारख्या पूर्ण स्तंभापेक्षा मला तो जास्त आवडतो.

झाडाच्या प्रतिबिंबात पिशव्या का दिसतात

तलाव बरा दिसतो, आकाशाचं प्रतिबिंब स्वच्छ येतं, पण काठच्या झाडाचं प्रतिबिंब पडलेल्या जागेतच गाळ, प्लॅस्टिक, बाटल्या दिसतात. कचरा नेमका तिथेच जमला असं नाही. आकाशाचं प्रतिबिंब इतकं उजळ असतं की त्याखाली तळ झाकला जातो. झाडाचं काळं प्रतिबिंब मात्र स्वतःचा उजेड जवळजवळ देतच नाही, म्हणून त्या आकारातून तळ डोकावतो. दोन पावलं बाजूला सरका. झाडाचं प्रतिबिंब उथळ पाण्यावरून खोल पाण्यावर नेता येतं, आणि खोल पाण्याचा तळ काळाच असतो. खंदकात हे सहज जमतं. कपिलेश्वरच्या तलावासारख्या बांधीव, पायऱ्यांच्या जागी कडेची पायरी फ्रेममधून वगळली की निम्मं काम झालं.

गढूळ पाणी

जुलैत मलप्रभा, घटप्रभा, दूधगंगा, कृष्णा सगळ्यांचं पाणी लालसर तांबडं असतं. यात पृष्ठभागाचा दोष नसतो, आरसा जागेवरच असतो. पाण्यात तरंगणारी माती दिवसाचा उजेड चहूकडे फेकते आणि चहात दूध पडावं तसा सगळा काळा रंग फिका होतो. म्हणजे गढूळ पाण्यात काळ्या गोष्टी मरतात, उजळ गोष्टी तगतात. सदलग्याकडे पुराच्या पाण्यात काठच्या झाडीचं प्रतिबिंब शोधत बसू नका. ढगांच्या फटीतून आलेला उजेड शोधा, मावळतीचा पट्टा शोधा.

रात्री तर गढूळपणाचा प्रश्नच उरत नाही. मातीवर उजेड पडला तर ती दिसणार. अंधारात पुलावरचे दिवे, मंदिराची रोषणाई यांचं प्रतिबिंब लाल पाण्यातही लख्ख येतं. विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वरच्या तलावात पाणी कितीही ढवळलेलं असो, माळांचे दिवे त्यात सुरेख उतरतात. फक्त तलावावरच फोकसचा झोत मारलेला असेल तर त्या कोपऱ्यातून निघा, कारण तो झोत मातीला उजळवतो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडची भातखाचरं हा वेगळा मामला. चिखलणी चालू असताना पाणी म्हणजे निव्वळ राड. रात्रभर ते निवलं की सकाळी, रोप लावायची माणसं यायच्या आत, डोंगर त्यात बरे दिसतात. लावणी झाली की हिरव्या काड्यांनी प्रतिबिंबाचे तुकडे होतात, तेही वाईट नसतात, पण मग ते वेगळं चित्र. कुणाच्याही बांधावर चढण्याआधी विचारायचं. ‘काका, बांधावरनं एक फोटो काढू काय?’ एवढ्यानं काम होतं. ‘काढ की, खाचरात तेवढं उतरू नको’, असं उत्तर येतं आणि ते पाळायचं असतं, बांध मोडला तर पाणी जातं.

पोलरायझर लावला आणि प्रतिबिंबच गेलं

पोलरायझर म्हणजे ठरावीक दिशेत कंपणारा उजेड अडवणारा, लेन्सपुढे लावून फिरवायचा फिल्टर. दुकानात सांगतात की तो प्रतिबिंब घालवायला असतो. हे अर्धंच खरं आहे. पाण्यावरून उलटलेल्या उजेडाची कंपनं मुख्यतः आडवी असतात, आणि पाण्याच्या पातळीशी सुमारे ३७ अंशांच्या कोनात तर ती पूर्णपणे आडवी होतात. फिल्टर एका बाजूला फिरवला की हा उजेड अडतो आणि तळ दिसतो. तिथून पाव फेरा पुढे फिरवा, म्हणजे उलटलेला उजेड जवळजवळ पूर्ण आत येतो आणि तळाचा मात्र निम्मा अडतो. म्हणजे तळाच्या तुलनेत प्रतिबिंब दुप्पट ठळक. ज्या काचेवर ‘प्रतिबिंब घालवणारी’ असा शिक्का बसलाय तीच प्रतिबिंब वाढवते, पण बरेच जण पहिल्याच फेऱ्यात थांबतात. स्क्रीनवर बघत सावकाश पूर्ण गोल फिरवा.

तीन गोष्टी ध्यानात असू द्या. फिल्टर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो), म्हणजे शटर तिप्पट-चौपट वेळ उघडं राहतं आणि हात हलला की फोटो गेला. अगदी पाण्याला घासून काढलेल्या फोटोत त्याचा उपयोग नगण्य, तिथे तो काढून खिशात ठेवा. आणि रुंद लेन्सवर आकाश एका बाजूला गडद, एका बाजूला फिकं असं ठिगळासारखं येतं. मोबाईलला फिल्टर नसेल तर पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून फिरवा. दिसायला गमतीचं दिसतं, पण चालतं.

स्टीलच्या भांड्यांवर, क्रोमच्या पट्टीवर हा फिल्टर चालत नाही, कारण धातूवरून उलटलेला उजेड असा एका दिशेत बसत नाही. गाडीच्या रंगावर चालतो. गाडीच्या बाजूच्या काचांवर मात्र रंगीत ठिपके उमटवतो, ते फिल्टरमधले नव्हेत, काच तापवून कडक करताना तिच्यात राहिलेल्या ताणाचे.

प्रतिबिंब धूसर, काठाचं गवत मात्र कोरीव

इथे दुसऱ्या उजेडाचा दोष नाही, फोकस चुकीच्या अंतरावर बसलाय. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर चिकटलेलं नसतं. डबकं चार फुटांवर आणि इमारत पन्नास फुटांवर असेल तर कॅमेऱ्याला प्रतिबिंबासाठी पन्नास फुटांहून थोड्या जास्त अंतरावर बघावं लागतं. कॅमेरा बिचारा समोरचं तरंगणारं पान पकडतो, कारण त्याला तिथे ठळक कडा मिळते.

पडद्यावर प्रतिबिंबातल्या खिडकीवर किंवा दिव्यावर बोट ठेवा, दाबून धरा, फोकस कुलूपबंद झाला की मग फ्रेम जुळवा. मोठ्या कॅमेऱ्यात सरळ हाताने फोकस करा. पान आणि इमारत दोन्ही स्पष्ट हवं असेल तर लेन्सचं छिद्र लहान करा, म्हणजे एफ ११ ते एफ १६ वर जा, आणि फोकस इमारतीच्या बराच अलीकडे ठेवा. मोबाईलमध्ये आणखी एक खोडी असते: जमिनीजवळ नेला की तो आपोआप मॅक्रोवर, म्हणजे अगदी जवळचं टिपायच्या मोडवर जातो, आणि गुपचूप दुसरी, रुंद लेन्स लावतो. फ्रेम एकदम उडी मारते ती यामुळे. सेटिंगमधून मॅक्रो बंद करा. पोर्ट्रेट मोडही नको. त्याला पाण्यातली खोली कळत नाही, अर्धी इमारत तो धूसर करून टाकतो.

लाटा

आपल्याकडे जून ते ऑगस्ट नैर्ऋत्येचा वारा खिंडीतून नुसता सुटलेला असतो, त्या दिवसांत मोठं पाणी आरसा होईल अशी आशा ठेवू नका. लहान, खोलगट, भिंतींनी झाकलेलं पाणी शोधा. म्हणूनच खंदक पावसाळ्यातही साथ देतो आणि राकसकोपसारखा उघडा जलाशय देत नाही. उघड्या पाण्यावर वारा ज्या बाजूनं येतो त्याच काठाशी लागून पाणी शांत असतं, काठानं त्याला आडोसा दिलेला असतो. लोक नेमके पलीकडच्या काठावर जाऊन उभे राहतात. दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंतच्या सकाळी सगळ्यात भरवशाच्या, ऊन तापायच्या आतच्या.

हिडकलच्या जलाशयातलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाणी उतरलं की वर येतं, आणि ते अर्धं पाण्यात असतानाचं प्रतिबिंब सगळ्यांनाच हवं असतं. पण पसारा उघडा, दुपारचा वारा हमखास. पहाटे पोचला नाहीत तर मिळेल ते मुकाट्यानं घ्यायचं. पाणी ओसरलेल्या काठाचा वरून सुकलेला गाळ आत मऊ असतो, काठी टोचून बघितल्याशिवाय ट्रायपॉड घेऊन पुढे जाऊ नका. धरणाच्या भिंतीवर आणि शहरात लष्कराच्या हद्दीत फोटोला मनाई असते, पाटी बघून कॅमेरा काढा.

वारा थांबतच नसेल तर विषय बदला. लाटा प्रतिबिंबाला उभ्या दिशेत खूप ताणतात, आडव्या दिशेत कमी. म्हणून माड, दिव्याचा खांब, शिखर लाटांतही ओळखू येतं. पुलाचा कठडा, विजेच्या तारा, छपराची रेघ हे सगळं आडवं असतं आणि पुसलं जातं. एनडी फिल्टर (नुसता उजेड कमी करणारी गडद काच) लावून शटर लांबवलं तर खडबडीतपणा जातो: १/६० सेकंदाचा फोटो ६ स्टॉपच्या फिल्टरनं एक सेकंदाचा होतो, १० स्टॉपच्या फिल्टरनं सतराएक सेकंदांचा. पण त्यानं आरसा मिळत नाही. मिळतो तो उभा ओघळलेला रंग, सगळ्या लाटांची सरासरी. तो हवा असेल तरच ही खटपट करा. मोबाईलचा नाइट मोड असंच बरंच काही करतो, अनेक फोटो जुळवून एक बनवतो, आणि हलत्या पाण्याचा त्यात चिखल होतो. पाणी हलत असेल तर नाइट मोड आणि एचडीआर (तोही कमी-जास्त उजेडाचे फोटो जुळवतो) दोन्ही बंद करून बघा.

काचा

दुकानाच्या साध्या काचेवरून समोरून बघितल्यास फक्त ८ टक्क्यांच्या आसपास उजेड उलटतो, दोन्ही बाजू मिळून. दिवसा रस्ता उन्हात आणि दुकान अंधारात, म्हणून तेवढ्यानंही काचेवर रस्ता दिसतो. रात्री आत दिवे आणि बाहेर अंधार, काच आरपार. दोन्ही हवं असेल, म्हणजे आतला पुतळा आणि त्यावरून जाणारी रिक्षा, तर सूर्य मावळल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं. डिसेंबरात ती सहाच्या पुढे, मे-जूनमध्ये सातच्या पुढे. किर्लोस्कर रोडवर, गणपत गल्लीत त्या वेळी गर्दीही असते, ती फायद्याचीच.

फोटोत स्वतःच दिसत असाल तर गडद कपडे घाला आणि पाठीमागे उजळ भिंत येणार नाही असं उभे राहा. पांढऱ्या शर्टाइतका काचेवर कुणीच उठून दिसत नाही. प्रतिबिंब दुहेरी येत असेल तर ते जाड काचेच्या दोन पृष्ठांचं. तिरकं उभं राहिल्यानं ते वाढतं, जरा समोर या.

काठ तिरका, की फोटो तिरका?

तळ्याचा काठ आपल्यापासून दूर वळत जात असेल तर फोटोत तो तिरकाच दिसणार. तो सरळ करायला गेलात की इमारती कलंडतात. पाण्यात खात्रीचा ओळंबा एकच: कळसाचं टोक आणि पाण्यातलं त्याचं टोक. कॅमेरा खूप वर-खाली कललेला नसेल तर ही दोन टोकं एकाच उभ्या रेषेत यायला हवीत. एडिटिंगमध्ये फोटो त्या रेषेवर फिरवा, काठ काहीही म्हणो.

एडिट करताना आणखी एक मोह आवरा. प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा थोडं गडदच असतं, वर दिलेल्या टक्क्यांमुळे. ते उजळवून मूळ वस्तूच्या बरोबरीला आणलं की बघणाऱ्याला काहीतरी खोटं आहे हे जाणवतं, कारण सांगता आलं नाही तरी. ॲपमधला मिरर इफेक्टही असाच उघडा पडतो. खरं प्रतिबिंब म्हणजे पाण्याखालून वर बघितल्यासारखं दृश्य: त्यात पुलाचं पोट दिसतं, पागोळीची आतली बाजू दिसते, मागचा डोंगर काठच्या झाडामागे लपतो. ॲपमध्ये वरचाच फोटो उलटा चिकटवलेला असतो, डोंगरासकट.